आधी गॅरेजचा कोबा, मग ट्रेडमिल

मिलिंद,

तू गेल्यापासून जो येतो तो मला एकच गोष्ट सांगतो, "अपर्णा, स्वतःला दोष देऊ नकोस." हात हातात घेऊन सांगतात, डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मी मान हलवते, चहा करते, कप धुते. पण तुला म्हणून खरं सांगते, मी स्वतःला कणभरही दोष देत नाहीये. मी तुला देतेय. सगळाच्या सगळा. आणि तो ऐकून घ्यायला तू समोर नाहीस, हाही तुझाच दोष.

भांडण अर्ध्यावर टाकून जायची तुझी सवय तशी जुनी. मी तावातावानं बोलत असले की तू मध्येच "आलोच" म्हणून गॅरेजमध्ये सटकायचास आणि तासाभरानं हातात काहीतरी दुरुस्त केलेलं घेऊन यायचास. कधी मिक्सरचं भांडं, कधी ईशाच्या सायकलची घंटा. तोवर माझा राग निवलेला असायचा, आणि कशावरून पेटले होते तेही धड आठवायचं नाही. या वेळी मला सगळं आठवतंय. कुठल्या वाक्यावर थांबलो होतो तेसुद्धा. तेव्हा तिथूनच पुढे सुरू करते.

बुधवारची सकाळ होती. तू ओट्याशी उभा होतास, एका हातात टोस्ट, दुसऱ्या हातात फोन, फोन स्पीकरवर. दुसऱ्या दिवशी तुझी स्ट्रेस टेस्ट होती, छातीला तारा लावून ट्रेडमिलवर चालवतात ती. उन्हाळ्यात ॲन आर्बरला ईशाचं सामान हलवताना तिच्या अपार्टमेंटच्या जिन्यात तू मध्येच बसलास, मायक्रोवेव्ह मांडीवर घेऊन, आणि म्हणालास, "जरा छातीत आवळल्यासारखं झालंय." मी तुला ओढत डॉक्टरकडे नेलं. त्यांनी ईसीजी काढला, तो त्यांना पसंत पडला नाही, ही टेस्ट करून घ्या म्हणाले. तारीख मिळता मिळता उन्हाळा संपला. आणि त्या तारखेच्या आदल्या दिवशी तू फोनवरच्या मुलीला लाडिक आवाजात सांगत होतास, "कॅन वी पुश इट बाय टू वीक्स? आय हॅव अ होम प्रोजेक्ट."

होम प्रोजेक्ट!

"मिलिंद, फोन दे इकडे," मी ओरडले. तू हात उंच केलास, ईशा लहान असताना बिस्किटांचा पुडा धरायचास तसा. काम झाल्यावर फोन ठेवलास आणि मला समजावायला लागलास. "अगं, आजपासून रविवारपर्यंत कोरडं आहे. पारा साठ फॅरनहाइटच्या खाली जात नाहीये. पुढच्या आठवड्यात थंडी. मग कोटिंग बसतच नाही, एकदम मे महिना. ट्रेडमिल काय, इनडोअर आहे. ती कधीही होते."

"आणि हार्ट?"

"हार्टपण इनडोअरच आहे," तू म्हणालास आणि स्वतःच हसलास.

मी हसले नाही. मी म्हणाले, "तुला मी बोललेलं ऐकू येतं मिलिंद, पण तू ऐकत नाहीस. एकदा तरी ऐक." त्यावर तू टोस्टचा शेवटचा तुकडा तोंडात टाकलास, माझ्या खांद्यावर थोपटलंस आणि म्हणालास, "आलोच." आपण इथे थांबलो आहोत.

आता त्या कोब्याबद्दल बोलू. इथे मिशिगनमध्ये, नोव्हायला हे घर घेतल्यापासून तू गॅरेजच्या जमिनीला रंग द्यायचं म्हणत होतास. तुझं कारण बरोबर होतं, ते मी कधी नाकारलं नाही. हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, ते टायरना चिकटून घरी येतं, गाडीवरचा बर्फ वितळला की खारं पाणी कोब्यावर साचतं आणि सिमेंट खातं. दर वसंतात तू गुडघे टेकून सिमेंटचे पोपडे गोळा करायचास आणि मला किचनमध्ये आणून दाखवायचास. मी म्हणायचे, मग दे ना रंग. तू दुखावल्यासारखा बघायचास. "असा कसा देऊ? आधी तयारी नको?"

तुझी ती तयारी! तेवढ्या काळात लोकांनी घरं बांधली, विकली, दुसरी घेतली. शेजारच्या डेव्हनं तर एका शनिवारी सकाळी दुकानातून डबा आणला, दुपारी रोलर फिरवला आणि संध्याकाळी त्या चकचकीत जमिनीवर खुर्ची टाकून बिअर पीत बसला. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा रंग टायरला चिकटून साल निघावी तसा वर आला, तेव्हा तुला झालेला आनंद मी विसरणार नाही. मला हाताला धरून कुंपणापाशी नेलंस. "बघ. प्रेप केलं नाही!" वर्गात पहिला आल्यासारखा चेहरा होता तुझा. मी म्हणाले, त्याला निदान वर्षभर रंगीत गॅरेज मिळालं, तुला काय मिळालं? तू दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोललास.

आईंनी अलिबागहून व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "अरे, कोब्याला कसला रंग देतोस? पाणी मारायचं नि खराट्यानं घासायचं." तू आपल्या आईला अख्खं इपॉक्सी समजावलंस. दोन डबे असतात, एकात रंग, दुसऱ्यात तो घट्ट करणारं औषध. एकदा एकत्र केले की थांबता येत नाही, हातातल्या हातात डबा दगड होतो. म्हणून आधी सगळं तयार पाहिजे. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पाकातल्या लाडवांसारखंच की. पाक झाला की वळत सुटायचं." तू टाळी वाजवलीस. "एक्झॅक्टली, आई!" मला मात्र हेच वाक्य दहा वेगळ्या तऱ्हांनी सांगून झालं होतं तुझं, आणि माझ्या एकाही शंकेला टाळी मिळाली नव्हती.

रंगावरूनही आपलं जमलं नाहीच. तुला राखाडीवर काळ्या-पांढऱ्या कपच्या, म्हणजे फ्लेक्स, भुरभुरलेल्या हव्या होत्या. तो नमुना बघून मला कडेला शेव लावलेली दाबेली आठवली, आणि मी तसं बोलून दाखवलं. मला साधा विटकरी हवा होता. तू म्हणालास, विटकरीवर धूळ दिसते. मी म्हणाले, धूळ दिसली तर माणूस झाडतो. तो नमुन्याचा पुठ्ठा अजून फ्रिजवर लावलेला आहे. काढायला मी हात लावलेला नाही.

आणि तो डाग. बाजूच्या दारापाशी, बर्नरच्या जागी. तू कोब्यावर जागोजागी पाण्याचे थेंब टाकून बघायचास. थेंब आत मुरला आणि सिमेंट काळं पडलं तर ठीक, थेंब तसाच टम्म बसून राहिला तर खाली तेल आहे, रंग धरणार नाही. सगळीकडे मुरायचा, तिथे बसून राहायचा. तू गाड्यांच्या धंद्यातला माणूस, तुला तो डाग म्हणजे अपमान. "माझ्या गाडीतून आजवर ऑइलचा थेंब गळलेला नाही. हे तुझ्या चकलीचं तेल आहे."

माझ्या चकलीचं! इथल्या घरांत तळणाचा वास कार्पेटमध्ये, कोटांत, पडद्यांत जाऊन बसतो, म्हणून आपण सगळी मराठी माणसं गॅरेजमध्ये बर्नर मांडतो, हे मी काही एकटीनं काढलेलं नाही. मी वर्षातून एकदा, दिवाळीला तळते. आणि तू? नागपूरच्या शाकाहारी घरातली मुलगी करून आणलीस, तिनं घरात मासे शिजणार नाहीत म्हटल्यावर तू वर्षभर त्या कोपऱ्यात सुरमई तळलीस. तेल उडालं की पायानं पुसायचास, मी बघितलंय. डाग माशांचाच आहे. हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आता उलट उत्तर द्यायला तू नाहीस म्हणून मी माघार घेईन असं समजू नकोस.

त्या डागाला तू काय काय लावलंस! दुकानातली सगळी औषधं झाली. मग आईंनी सांगितलं, डाळीचं पीठ पसर, ते तेल ओढून घेतं. तू पातेलंभर बेसन तिथे थापून ठेवलंस आणि दार बोटभर उघडं राहिलं. सकाळी खारीसारख्या त्या चिपमंकांची पंगत बसली होती. तू आत यायलाच तयार नाहीस, मी झाडू घेऊन त्यांना हाकलतेय आणि ईशा व्हिडिओ काढतेय. त्या व्हिडिओत तुझं हसणं एवढं मोठ्यानं आहे की माझं ओरडणं ऐकूच येत नाही. परवा ईशानं मला तो दाखवला. मी पूर्ण बघू शकले नाही.

ऐक, राग राग करतेय म्हणून चांगलं विसरले असं नाही. दिवाळीच्या आधीचा तो एक दिवस मला दर वर्षी पुरायचा. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, कधी भुरभुरता बर्फ, गॅरेजचं दार कमरेइतकं वर, आपण दोघं जाड जॅकेट घालून कढईच्या दोन बाजूंना. माझी मनगटं दुखायला लागली त्या वर्षापासून सोऱ्या तू हातात घेतलास. "इंजिनिअर आहे, प्रेशरचं काम माझं." तुझ्या चकल्या कधी गोल आल्या नाहीत, पण एकही सुटी झाली नाही. तू जॅकेटच्या बाहीनं माझं नाक पुसायचास, कारण माझे हात पिठाचे. लग्न करून या गावात आले तेव्हा मला इथलं काहीच आवडत नव्हतं. ते गॅरेज मला आवडायला लागलं ते तुझ्यामुळे. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच म्हणाला असतास, "मग फ्लोअर करूया ना!"

पण आता मला सांग. तुझी सगळी नोकरी ब्रेक तपासण्यात गेली. ब्रेकचा एक भाग तू टेस्टशिवाय बाहेर सोडला नाहीस. वरचे साहेब घाई करायचे, "पाठवून दे, नंतर बघू," तर तू घरी येऊन जेवायचा नाहीस. "नंतर काय बघू? माणूस बसलेला असतो त्या गाडीत." हे तुझे शब्द. कोब्याची ओल तपासायला तू प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवलास आणि घरातल्या सगळ्यांना तिथे पाय टाकायची बंदी केलीस. सिमेंटच्या पोटात काय चाललंय हे तुला कळायला हवं होतं. स्वतःच्या छातीत काय चाललंय ते दोन आठवड्यांनी कळलं तरी चालणार होतं. हा कुठला न्याय, मिलिंद? त्या गाडीत मीही बसले होते ना!

गुरुवारी, ज्या वेळी तू ट्रेडमिलवर असायला हवा होतास त्या वेळी, तू रबरी बूट आणि गॉगल चढवून कोबा ॲसिडनं धूत होतास. गॅरेजमधलं सगळं सामान ड्राइव्हवेवर. जुना फ्रिज, बर्फ उडवायचा स्नो ब्लोअर, भारतात नेतो त्या सगळ्या बॅगा, गणपतीचं मखर. मी आत कामावर लॉगिन करून बसले होते. दुपारी तू हाक मारलीस, "अपू, लवकर ये!" मी धावत आले तर तू डागाच्या जागी ओणवा. बोटानं पाण्याचा थेंब सोडलास. थेंब आत मुरला. "प्यायलं! बघ, प्यायलं!" घामाघूम झालेला तो चेहरा, गॉगल कपाळावर. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग मी म्हणाले, "छान. आता टेस्टची तारीख अलीकडे मागून घे." तू म्हणालास, "सोमवारी फोन करतो. प्रॉमिस."

शुक्रवारी सकाळी तू ड्राइव्हवेवर खुर्ची टाकून कोबा वाळायची वाट बघत बसला होतास. मी आत मीटिंगमध्ये. तू खुर्चीत कलंडलास, ते पहिलं बघितलं डेव्हनं. प्रेप न करणाऱ्या त्या डेव्हनं कुंपणावरून उडी मारली, तुला जमिनीवर आडवं केलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तुझी छाती दाबत राहिला. मी बाहेर आले तेव्हा तो मोजत होता आणि रडत होता. ॲम्ब्युलन्सच्या माणसांना आपल्या सामानातून वाट मिळेना, त्यांनी मखर उचलून हिरवळीवर ठेवलं. पुढचं मी लिहिणार नाही.

त्यानंतर घर भरलं. इथली आपली माणसं, मिलिंद, देवासारखी धावून आली, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. डबे आले, आईंना अलिबागहून आणायची सोय झाली, ड्राइव्हवेवरचं सामान कुणाकुणाच्या गॅरेजमध्ये हललं. पण बोलणी! "आवडीचं काम करता करता गेले, भाग्यवान." भाग्यवान? "त्यांना काही त्रास झाला नाही." तुम्हाला कोणी सांगितलं? "वेळ आली होती." वेळ गुरुवारची आली होती, दुपारी दोनची, आणि ती आपल्या हातानं पुढे ढकललेली मी डोळ्यांनी बघितली. मी हे एकदा मोठ्यानं बोलले तर कोणी कप गोळा करायला उठलं, कोणी फोन काढला. आई एकट्या म्हणाल्या, "बोलू दे तिला. तो माझंही ऐकत नव्हता, लाडवाचं तेवढं ऐकायचा."

तेराव्यानंतरच्या शनिवारी सकाळी गॅरेजचं दार वर जाताना ऐकलं, जाऊन बघते तर बाहेर सुहास आणि मराठी मंडळातले तुझे आणखी तीन मित्र. हातांत रोलर, गुडघ्यांना पॅड. ईशानं त्यांना दाराचा कोड सांगून ठेवला होता म्हणे, मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. ऑक्टोबरात मध्येच ऊन पडलं होतं. सुहास अगदी हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, मिलिंदचं राहिलेलं काम आम्ही पुरं करतो. तयारी तर त्यानं सगळी करूनच ठेवलीय. मंगळवारपर्यंत कोरडं आहे. साठच्या खाली जात नाहीये."

साठच्या खाली जात नाहीये. माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येत नाही. तू म्हणायचास ना, मी खरी चिडले की माझ्यातलं नागपूर बाहेर येतं? ते आलं.

"काय बे सुहास, तुझं वय काय?"

"अं? चोपन्न."

"तुझे बाबा कशानं गेले?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. "हार्टनं. पण वहिनी, ते सिगरेट..."

"तुझी टेस्ट कधी झाली?"

"करायचीय ना. डॉक्टरनी लिहून दिलीय. सध्या प्रोजेक्ट डेडलाइन चाललीय, जानेवारीत करून टाकतो."

मी दुसऱ्याकडे वळले. त्याच्या बीपीच्या गोळ्या त्यानं स्वतःच बंद केल्या होत्या, "बरं वाटतंय यार आता, लसूण खातो रोज." तिसरा म्हणाला, त्याला ट्रेडमिलची गरज नाही, तो ॲपवर पावलं मोजतो. चौथा वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. चार इंजिनिअर, मिलिंद! मेलेल्या मित्राच्या गॅरेजमध्ये गुडघ्यांना पॅड बांधून उभे. गुडघ्यांची तेवढी काळजी घेतली होती सगळ्यांनी.

"बाहेर व्हा," मी म्हणाले.

"वहिनी, प्लीज, आपण बसून बोलू..."

"बाहेर! मला रंग नको. या घरात जमिनीसाठी एक माणूस दिलाय, पुरे झालं. जो टेस्ट करून कागद आणेल त्यालाच इथे रोलर मिळेल. बाकीच्यांनी तोंड दाखवू नका." आणि ते मागे सरकल्या सरकल्या मी भिंतीवरचं बटण दाबलं. दार त्यांच्या चेहऱ्यांसमोर खडखडत खाली आलं. इतकं सावकाश येतं ते दार, की आधी त्यांचे चेहरे दिसेनासे झाले, मग पोटं, मग गुडघ्यांचे पॅड.

ईशा पायऱ्यांवर उभी होती. "आई! व्हॉट इज राँग विथ यू? दे वर जस्ट ट्राइंग टू हेल्प! बाबा वुड हॅव लव्ह्ड इट!"

"तुझ्या बाबांना आवडलंच असतं," मी म्हणाले, "म्हणूनच नको."

ती रडायला लागली, मग मीही. आम्ही दोघी तुझ्या त्या स्वच्छ, डाग गेलेल्या, बिनरंगाच्या कोब्यावर बसलो. थंडगार होता. तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मराठीत म्हणाली, "मला पण खूप राग आलाय बाबाचा." ती तुला बाबाच म्हणते, पण एवढं सबंध मराठी वाक्य तिच्या तोंडून कितीतरी दिवसांनी ऐकलं. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. तू असतास तर म्हणाला असतास, उठा, ओल लागेल.

नंतर दोन आठवडे त्या चौघांपैकी कोणाचा फोन नाही. मंडळाच्या ग्रुपवरही माझ्याशी जरा जपूनच बोलायला लागले. अपर्णा थोडी बिथरलीय, असं कोणीतरी कोणालातरी म्हणालं आणि ते फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. म्हणा. थंडी पडली, झाडं झडली, मी गाडी पुन्हा आत लावायला लागले. पहिल्या बर्फाबरोबर मीठ येईल आणि तुझा धुतलेला कोबा पुन्हा खाल्ला जाईल. मला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही. तुझे कष्ट आहेत त्यात. पण रंगाचे डबे मी उघडणार नाही, असंच ठरवलं होतं.

मग दिवाळी आली. घरात दुखवटा, तेव्हा आपल्याकडे तळण नाही. कढई वरच्या फळीवर. अशा घरी फराळ बाहेरून येतो, ती रीत इथे कोणाला ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. संध्याकाळी सुहासची मेधा दारात. हातात चकलीचा डबा. आत ये म्हटलं तर येईना, डबाही हातातून सोडेना. मला वाटलं, आता ही भांडणार. नवऱ्याला दाराबाहेर काढलं म्हणून.

"तू ओरडलीस त्या दिवशी तो घरी येऊन इतका चिडला होता," ती म्हणाली. "म्हणाला, वहिनीला कागदच दाखवतो आता, नॉर्मल आलेला. लॅमिनेट करून दाखवतो. म्हणून गेला गं टेस्टला. नुसता तुला दाखवायला." मग तिनं डबा छातीशी घट्ट धरला. "ट्रेडमिलवरून त्यांनी त्याला घरी सोडलंच नाही, अपर्णा. सरळ ॲडमिट केला. दोन स्टेंट टाकले. डॉक्टर म्हणाले, कोणी सांगितलं तुम्हाला आत्ता यायला? जानेवारीपर्यंत नसता पोचला हा."

ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरलं, उभं केलं, दोघींच्या मध्ये तो डबा. सुहास बाहेर गाडीत बसला होता. काच खाली करून त्यानं नुसते हात जोडले. मी त्याला म्हणाले, "मे महिन्यात ये. रोलर तुझा." एवढंच सुचलं. बाकीच्या तिघांनीही तारखा घेतल्यात, मेधा म्हणाली. लसूणवाल्यानं गोळ्या पुन्हा सुरू केल्यात.

मला आनंद झाला, मिलिंद. अगदी मनापासून झाला. मेधाचं कुंकू शाबूत राहिलं, त्यांच्या घरी यंदा दिवे लागले. ते गेल्यावर मी दार लावलं, चकलीचा डबा टेबलावर ठेवला आणि मला तुझा असा राग आला, असा राग आला, की तू समोर असतास तर मी तुला हातात सापडेल ते फेकून मारलं असतं. इतके दिवस मी स्वतःची एक समजूत घातली होती. पुरुष असेच असतात, बायको किती का ओरडेना, काही फरक पडत नाही. होणार ते होतंच. तेवढ्या आधारावर मी उठत होते, जेवत होते, कामाला बसत होते. सुहासनं तो आधार काढून नेला. त्याला मी आयुष्यात एकदा ओरडले, तेही रागावून, तेही अपमान करून. तुला इतकी वर्षं ओरडत होते, आणि त्या बुधवारी तर जीव तोडून ओरडले.

माझ्या ओरडण्यानं माणूस वाचतो, मिलिंद. मेधाचा वाचला.